भिकननानांच्या टिपा

आमच्या शेजारचे भिकननाना बोलण्याआधी घसा खाकरतात, चष्मा कपाळावर ढकलतात, मग सावकाश पहिला शब्द काढतात. मला ते हुबेहूब जमतं. धुळ्यात तोतारामशेठच्या छापखान्यात नानांनी सव्वीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवले. त्र्याण्णव साली खिळे भंगारात गेले आणि नाना कॉम्प्युटरसमोर बसले. शेठ तोंडातली तंबाखू सांभाळत म्हणाले, "नाना, हे पुस्तक जमलं तर ऱ्हा."

पुस्तक कपाशीच्या फवारणीचं होतं. औषध किती घ्यायचं, ते समासात टिपांमध्ये होतं. शेठनं मथळे मोठे करायला लावले आणि एका औषधाचं माप दुसऱ्यासमोर आलं.

"बठ्ठं सरकी गयं," नाना म्हणाले. सगळंच सरकलं होतं.

खिळ्यांचं पान ते दोऱ्यानं बांधायचे, त्यामुळे टीप मजकुराबरोबरच हलायची. इथे टीप वेगळ्या चौकटीत होती. मजकूर खाली गेला, चौकट जागीच राहिली. चार दिवस डोकं खाजवून नानांनी तोड काढली. चौकट काढून टाकायची, टीप परिच्छेदाच्या पहिल्याच ओळीत लिहायची आणि मजकूर टॅब देऊन आत घ्यायचा, म्हणजे टीप समासातच दिसते.

त्यांनी नुकत्याच कामाला लागलेल्या पुष्पाला बोलावून दाखवलं. "देख पोरी, आते कशी सरकस ती." मथळा मोठा केला, तशी टीपही मजकुराबरोबर खाली सरकली.

पुष्पानं दुपारच्या चहापर्यंत चाळीस पानं केली. नानांची दिवसाला तीन व्हायची.

"पोरीचा हात चालतो हो," शेठ म्हणाले. "तुम्हाला पुढच्या पुस्तकाला बोलावतो."

पुढची दोन पुस्तकं पुष्पानंच केली, नानांनी दाखवलं तशीच.