जिन्यातली पुट्टी

आमच्या कोयना खोऱ्यात जमीन अधूनमधून हलते, म्हणून सोसायटीनं इमारत तपासायला एका इंजिनीअर बाईंना बोलावलं. त्या यायच्या आदल्या दिवशी चेअरमन बापूसाहेबांनी जिन्यातल्या भेगांत पुट्टी भरून वरून रंग मारून घेतला. दाखवायच्या मुलीसारखी इमारत नटली.

बाईंनी गच्चीवर जेवणाच्या डब्याएवढं यंत्र ठेवलं आणि सगळ्यांना स्तब्ध उभं राहायला सांगितलं. आम्ही श्वाससुद्धा जपून घेत होतो, तरी त्यांच्या लॅपटॉपवरची रेघ थरथरत होती.

"कोण हललं?" बापूसाहेबांनी दरडावून विचारलं.

"इमारत," बाई म्हणाल्या. "प्रत्येक इमारत थोडी हलतेच. कशी हलते, त्यावरून तिचा ताठपणा कळतो. आणि जिन्यात ताजा रंग मारून त्या भेगा कशाला हो बुजवल्यात? भूकंपाचं गणित आम्ही काँक्रीटला भेगा पडणार असं धरूनच मांडतो."

मला हे फार आवडलं. ताठ असणं म्हणजे जराही न हलणं, असंच मी आजवर समजत होतो. निवृत्तीनंतर माझा उजवा हात थरथरायला लागला, तेव्हापासून मी चारचौघांत चहा नको म्हणतो. तीही पुट्टीच होती.

तेवढ्यात खालून सगळ्यांसाठी चहा आला. बापूसाहेब सवयीनं म्हणाले, "हे घेत नाहीत." मी हात पुढे करून कप उचलला. थोडा चहा बशीत सांडला. तो मी सगळ्यांदेखत बशीनंच प्यायलो.