आतोबांची ललकारी

आमच्या आतोबांना देवाने देह दिला तो केवळ आवाजाला राहायला जागा हवी म्हणून, असं माझं स्पष्ट मत आहे. देह तसा किरकोळच. उंची बेताची, छाती त्याहून बेताची, आणि मान एवढी बारीक की इतका आवाज त्यातून बाहेर येतो तरी कसा, हे कुणा डॉक्टरने तपासून बघायला हवं. देवासला माताजीच्या टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं घर. आतोबांनी ओसरीवरून "पाणी आण गं" म्हटलं की शेजारपाजारच्या बायकाही तांब्याकडे हात नेतात, असं आमची आत्या सांगते, आणि आत्या खोटं बोलत नाही. घराणं चोपदाराचं. महाराजांच्या पुढे दंड धरून चालायचं आणि ललकारी द्यायची, "निगाह रख्खोऽ, मेहेरबान, आस्ते कदम!" ती ऐकली की बसलेला दरबार उभा राहायचा. देवासला एकाच गावात दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. आतोबांचे पूर्वज धाकटीचे. त्यामुळे आपला आवाज थोरलीच्या दरबारापर्यंत पोचलाच पाहिजे, ही ईर्ष्या त्यांच्या रक्तातच होती.

पुढे गाद्या गेल्या, दंड गेला, आवाज तेवढा उरला. त्या आवाजाला सरकारने योग्य जागी नोकरी दिली. आतोबा कचेरीत पुकारा करणारे शिपाई झाले. 'अमका अमका हाजिर हो' एवढंच ओरडायचं काम, पण आतोबांना ते फार बोडकं वाटे. नावामागे काही नाही, पुढे काही नाही, माणसाला असं उघडं कसं आत पाठवायचं? एकदा कोंबड्या चोरणाऱ्या एका इसमाला त्यांनी "श्रीमान रामलालजी, तशरीफ लाइए" असा पुकारा केला. न्यायाधीशांनी विचारलं, तेव्हा म्हणाले, "हुजूर, गुन्हा अजून साबित कुठे झालाय?" यावर न्यायाधीशांनीही त्याला 'रामलालजी'च म्हटलं म्हणे. हे मात्र आतोबाच सांगतात, म्हणून जरा कमी करून घ्यावं.

निवृत्तीनंतर ते आवाजासकट घरी आले आणि आत्याचे हाल सुरू झाले. घरी येणाऱ्या प्रत्येकाची वर्दी लागायची. मी धारहून बसने दमून जायचो, पायरीवर पाऊल पडतं न पडतं तोच आतून गर्जना व्हायची, "धारकर भाचे विनायकराव येत आहेतऽ!" गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून बसायची. पण खरा मान लग्नात. देवासच्या मराठी घरांत नवरदेव मांडवात शिरताना आतोबांची ललकारी झाल्याशिवाय अंतरपाट धरत नसत. ललकारी झाली की मांडव उभा. म्हातारे गुडघे धरून उठत, मुलं जिलबी टाकून उठत. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या लग्नांत जेवलेले माळवी शेजारीसुद्धा उठत. का उठायचं हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं. ललकारी झाली की उठायचं, एवढंच सगळ्यांच्या अंगात होतं.

आता मूळ गोष्टीकडे येतो, आणि इथून पुढे मला हसू येत नाही. आमच्याकडे एक ठेवी गोळा करणारी कंपनी होती. सतवासपासून सरदारपुरापर्यंत तिच्या शाखा होत्या, आणि देवासला हमरस्त्यावर काचेचं मोठं ऑफिस. आतोबांनी पेन्शनीतलं उरलंसुरलं तिथे ठेवलं, आणि कारण काय, तर दारातला शिपाई कडक सलाम ठोकायचा. "ज्याच्या दारी अदब, त्याच्या घरी बेइमानी नसते," हा त्यांचा अर्थशास्त्रातला एकमेव सिद्धांत. तो त्यांनी शेजारच्या कमलाबाईंनाही पटवून दिला. कमलाबाई माळवी, विधवा, साड्यांना फॉल-पिको करून पोट भरणाऱ्या. स्वतःचं दुकान घालायचं म्हणून त्या जे बाजूला टाकत होत्या, ते सगळं काचेच्या आड गेलं. मग एका सकाळी शटर खाली आलं. सलाम ठोकणारा गेला आणि त्याच्या जागी पोलीस उभे राहिले. ठेवीदारांच्या रक्षणासाठी नव्हे, काचेच्या. मालक इंदूरला बंगल्यात होता आणि त्याच्याही दारात पोलीस होते. ज्याने लुटलं त्याला पहारा आणि ज्याला लुटलं त्याला दंडुका, हा न्याय मला अजून पचलेला नाही.

लोक रस्त्यावर बसले. दर मंगळवारी धरणं. आतोबा पहिल्या दिवसापासून होते, पण त्यांच्या पद्धतीने. सगळे 'मुर्दाबाद' म्हणत, तर हे गप्प. "कुणाच्या मरणाचं आपण कशाला बोलावं?" सगळ्यांच्या हातात हिंदी फलक, यांच्या हातात मराठी: 'आमच्या ठेवी कृपया परत कराव्यात, ही नम्र विनंती.' त्यांच्याच नातवाला तो अक्षर अक्षर लावून वाचावा लागला. वाचून तो म्हणाला, "आजोबा, ये तो शादी की पत्रिका जैसा लग रहा है." आणि बसायचं म्हटलं तर आतोबा बसत नसत. चोपदाराने चारचौघांत बसायचं नसतं. सगळे रस्त्यावर मांडी घालून आणि हे एका कडेला खांबासारखे ताठ. पोलिसांना वाटायचं, हे आपल्यातलेच साध्या कपड्यातले कुणीतरी असावेत.

त्या मंगळवारी मी तिथे होतो. हवेतच काहीतरी बिघडलं होतं. आदल्या आठवड्यात कुणीतरी काचेवर दगड मारला होता, त्यामुळे पोलीस तिप्पट, डोक्यावर हेल्मेट, हातात जाळीच्या ढाली. गर्दीही वाढलेली, सतवासहून ट्रॅक्टर भरून माणसं आलेली. ठाण्याचे प्रभारी, नवीनच बदलून आलेले, भोंग्यावरून सांगत होते, "बैठे रहो, कोई दिक्कत नहीं. जो उठा, वो समझ ले." लोक बसून होते. उन्हाने डांबर मऊ पडलेलं, पण कुणी हलत नव्हतं. एसडीएम बाई, म्हणजे प्रांतसाहेब, स्वतः येऊन निवेदन घेणार, असा निरोप होता. कमलाबाई सगळ्यांत पुढे, मांडीवर बॅनरचा बांबू आडवा घेऊन बसल्या होत्या. आत्याने निघताना आतोबांच्या तोंडात खडीसाखरेचा मोठा खडा घातला होता आणि बजावलं होतं, "अहो, हा विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नाही. माझी शपथ आहे." आतोबा मुकाट्याने गाल फुगवून उभे होते. मी त्यांच्या शेजारीच होतो. एक बाटली कुठूनशी रस्त्यावर येऊन फुटली आणि पोलिसांची रांग एक पाऊल पुढे सरकली. प्रभारी पुन्हा ओरडले, "बैठे रहो!"

तेवढ्यात लाल दिव्याची गाडी आली. दार उघडलं, एसडीएम बाईंनी पाय खाली टाकला, आणि आतोबांच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसली. मी त्यांचा दंड धरला. उशीर झाला होता. राज्य चालवणारं माणूस समोर आलेलं, आणि वर्दी नाही? शंभर वर्षांचं घराणं त्या बारीक मानेतून वर आलं. खडीसाखर कुठे गेली देव जाणे.

"निगाह रख्खोऽ! मेहेरबाऽन! आस्ते कदऽम!"

आणि सगळा रस्ता उभा राहिला. एका क्षणात. म्हातारे, बायका, आणि त्यांना बघून सतवासचे शेतकरी, सगळे. कुणाच्या मनात काही नव्हतं, पाय आपोआप उठले. कमलाबाई उठल्या तेव्हा बांबू त्यांच्या हातातच होता. पोलिसांना दिसली ती एवढीच गोष्ट: एक आरोळी झाली आणि एवढा जमाव एकदम उठला. प्रभारींनी हात खाली केला.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. काठ्यांचा आवाज आठवतो, चपलांचा खच आठवतो. आणि आतोबा आठवतात, दोन्ही हात वर करून ओरडणारे, "बसा! बसा रे! बैठ जाओ!" पण ती ललकारी नव्हती, नुसतं ओरडणं होतं, आणि त्या गदारोळात ते कोण ऐकणार? लोकांना उठवायची ललकारी चोपदाराकडे होती. बसवायची नव्हतीच. दरबारात महाराज बसले की लोक बसत, त्यासाठी ओरडावं लागत नसे.

कमलाबाईंचं उजवं मनगट मोडलं. वर त्यांच्यावरच गुन्हा दाखल झाला: काठी घेऊन पोलिसांवर चाल केली, जमावाला चिथावलं. प्लास्टर घालून त्यांना ठाण्यात बसवून ठेवलं. आतोबा त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी टोपी घातली आणि मला म्हणाले, "चल. ज्याने उठवलं त्याला धरायला सांगू." आत्याने अडवलं नाही. नुसता त्यांच्या टोपीचा कोपरा सरळ केला.

ठाण्यात प्रभारींनी आम्हाला अर्धा तास उभं ठेवलं. आतोबांना त्याचं काहीच वाटलं नाही, पण माझं डोकं तापत होतं. कमलाबाई बाकावर बसल्या होत्या. त्यांना बघून आतोबांचे डोळे भरले. शेवटी त्यांनी सांगितलं की बाई निर्दोष आहे, लोक चाल करायला नाही, मान द्यायला उठले, आणि उठवलं मी. प्रभारी हसले. "बाबूजी, आप बुज़ुर्ग हैं, घर जाइए. एक आवाज पे इतने आदमी खड़े हो गए? कहानी अच्छी है."

"कहानी नहीं है हुजूर. हमारे यहाँ खड़े होते हैं."

"तो लगाइए आवाज. देखें कौन खड़ा होता है."

चेष्टा होती ती. हवालदार लोक हसू लागले. आतोबांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता आवाज फुटणारच नाही, आणि या बाईची सुटका इथेच संपली. त्यांनी कमलाबाईंकडे बघितलं, डोळे मिटले आणि ललकारी दिली. ठाण्याच्या खिडक्या थरथरल्या.

मी उभाच होतो. कमलाबाई बाकावरून उठल्या, प्लास्टर छातीशी धरून. हे प्रभारींना दिसलं, पण त्यांना त्याचं काही नव्हतं, त्या आमच्याच. मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली. तिथे टेबलामागे बसून नोंदी करणारे एक पिकल्या मिशांचे दिवाणजी, आडनावाने शिंदे, पेन हातात धरून ताठ उभे होते.

"शिंदे! तुम काहे खड़े हो?"

शिंदे गोंधळले. स्वतःच्या पायांकडे बघून म्हणाले, "पता नहीं साहब. हो गया." मग ओशाळून पुढे म्हणाले, "इन्होंने मेरी शादी में भी लगाई थी."

प्रभारींनी शिंद्यांना हातानेच खाली बसायची खूण केली. माणूस वाईट नसावा, नवा होता आणि घाबरलेला होता. संध्याकाळी त्यांनी कमलाबाईंना घरी सोडलं आणि पुढे गुन्ह्यातून त्यांचं नावही काढून टाकलं. ठाण्याच्या पायऱ्या उतरताना आतोबा कमलाबाईंसमोर हात जोडून उभे राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बघितलं नव्हतं.

"काकासाब, थाँको काँई कसूर?" तुमचा काय दोष, असं कमलाबाई आपल्या माळवीत म्हणाल्या. "म्हूँ तो आदत से उठी."

ठेवी अजून मिळालेल्या नाहीत. काचेच्या ऑफिसवर कुणा दुसऱ्याच कंपनीचा बोर्ड आला आहे, आणि त्याच्याही दारात एक जण सलाम ठोकत असतो. कमलाबाईंचं मनगट वाकडं बसलं. पिकोच्या मशीनवर साडी आता त्यांना नीट सरकवता येत नाही. धरणं मात्र चालू आहे, माणसं कमी झाली तरी. आतोबा दर मंगळवारी जातात आणि रस्त्यावर बसतात. त्यांचे गुडघे दुमडत नाहीत, दोघांना धरून त्यांना खाली ठेवावं लागतं. दिवसभर ते एक अक्षर बोलत नाहीत. परवा मी गेलो, पायरी चढलो, तर घरात सगळं शांत. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. त्या आवाजाची मी आयुष्यभर थट्टा केली, आणि आता तो ऐकायला मिळावा म्हणून काय वाटेल ते द्यायला तयार आहे. मंगळवारी मीही त्यांच्यामागे बसलो. दुपारी कुणा साहेबाची गाडी आली. आतोबांची मान ताठ झाली, ओठ हलले. कमलाबाईंनी न बघता आपला डावा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला, आणि गाडी जाईपर्यंत तो तसाच राहू दिला.