पंधरा महिन्यांचं होईपर्यंत

चाकणला रबराचे पार्ट बनवणाऱ्या एका लहानशा युनिटमध्ये मी कामाला आहे. साच्यातून निघालेल्या पार्टाची कड कापायची, तपासायचं, खोक्यात भरायचं. शेडच्या मागच्या दारातून आमच्या घराचा पत्रा दिसतो, म्हणून तर ही नोकरी धरली.

लेक झाली तेव्हा सहा महिने भरपगारी रजा मिळाली. तेवढा कायदा आमच्या शेठनाही ठाऊक होता आणि मलाही. रजा संपली, लेकरू सासूबाईंच्या ओटीत टाकलं आणि कामावर आले. पहिल्याच दिवशी अकराच्या सुमाराला पान्हा फुटला. एप्रन ओला. बाथरूममध्ये जाऊन दूध बेसिनमध्ये पिळून टाकलं, तोंडावर पाणी मारलं आणि परत जागेवर. मग रोज तेच. मागच्या दारात उभी राहिले की पत्रा दिसायचा, त्याखाली ती रडत असणार हे कळायचं. पण शिफ्ट सुटेपर्यंत गेटाबाहेर पडायचं नाही, असा आमच्याकडे शिरस्ता. जाऊ का, असं विचारायचं डोक्यातच आलं नाही. एरवी एका शब्दाला चार ऐकवणारी बाई मी, तिथे मूग गिळून बसले.

सासूबाई सांगायच्या, "लई रडली गं. वरचं दूध दिलं, मंग झोपली." दोन महिन्यांत अंगावरचं तुटलंच. संध्याकाळी जवळ घेतली तर तोंड फिरवून बाटलीकडे हात करायची. "बरं झालं, आता तुला बी मोकळीक," सासूबाई म्हणाल्या. कसली आलीय मोकळीक. तिचा तो हात मला अजून दिसतो.

आता ती तिसरीत आहे. दिसेल ते मोठ्याने वाचायची खोड: ट्रकच्या मागचं, बिस्किटाच्या पुड्यावरचं, दवाखान्याच्या दारावरचं. यंदा खंडेनवमीला मशिनींच्या पूजेला सगळ्यांच्या घरची माणसं आली, तशी तीही आली. साफसफाईसाठी हजेरीच्या टेबलामागची खोकी हलवली होती. मागे भिंतीवर पाटी निघाली. बाळंतपणाच्या कायद्याची, आणि चक्क मराठीत. लेक अडखळत वाचायला लागली. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला, नेहमीच्या सुट्टीशिवाय, दिवसातून दोनदा बाळाला पाजायला वेळ द्यायचा, असं त्यात होतं.

"आई, म्हणजे तू मला पाजायला घरी यायचीस?"

मी झेंडू ओवत होते. "नाही गं," म्हटलं.

"का?"

शेठ शेजारीच नारळ घेऊन उभे होते. माणूस वाईट नाही. पाटी माझ्या बाळंतपणाआधीच कायद्याच्या सल्लागाराने पाठवली, यांनी लावून टाकली, वाचली कुणीच नाही. मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही मागितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं का?"

मस्तकात तिडीक गेली. "मागायला आधी माहीत पाहिजे ना, शेठ. पाटी लावून तिच्यापुढे खोकी रचल्यावर कुणाला दिसणार?"

त्यांनी नारळ खाली ठेवला. मी पुढे बोलले नाही, कारण ती खोकी रचणारी मीच. रोजच्या रोज, माझ्या हाताने. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तशी गत.

शेठनी त्या दिवसापासून खोकी तिथे लावू दिली नाहीत. आमच्यातली एक पोरगी पुढच्या महिन्यात बाळंतपणाच्या रजेवरून यायची आहे, तिला दोनदा घरी सोडायचं, हेही सगळ्यांसमोर बोलले. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, तिचा हेवाही वाटला.

प्रसाद घेऊन आम्ही मायलेकी निघालो. सात मिनिटांत घर आलं. नऊ महिने, दिवसातून दोनदा, मला ती सात मिनिटं चालता आली असती. दारात पोचल्यावर काय वाटलं कुणास ठाऊक, तिला उचलून घ्यायला वाकले.

"आई, मी आता मोठी झाले," असं म्हणून तिने चपला काढल्या आणि आत पळाली.