लिकुआलाचे मिटलेले पान

नेरुळमधल्या आमच्या तळमजल्याच्या घरामागे अंगणाची एक चिंचोळी पट्टी आहे. दुपारनंतर तिथे इमारतीची सावली उतरते आणि शिरवण्याच्या बाजूने वारा आला की कारखान्यांचा आंबूस वास ओल्या मातीच्या वासात मिसळतो. या पट्टीत मी लिकुआला वाढवला. हा दूरच्या बेटांवरचा पाम. त्याचे पान अखंड, वर्तुळाकार. हिरव्या रेशमाला इस्त्रीने निऱ्या पाडाव्यात तसे. आमच्याकडे तो सहसा टिकत नाही. खाडीचा खारा वारा लागला की त्याच्या कडा करपतात, कडक उन्हात पान पिवळे पडते. म्हणून मी तो भिंतीच्या आडोशाला लावला, बुंध्याशी नारळाच्या सोडणांचा थर दिला, उन्हाळ्यात भोवती ओली गोणपाटे टांगली. सकाळी त्याच्या पानाला गाल लावला की माठाला लावल्यासारखे थंड वाटे.

गणपतीच्या तोंडावर वरच्या मजल्यावरची शेजारीण मागच्या दाराशी आली. सोसायटीच्या मखराची सूत्रे दरवर्षी तिच्याच हाती असतात. मला ती कधीच आवडली नव्हती. तिच्या बाल्कनीतून साबणाचे पाणी माझ्या पानांवर ठिबके, आणि ‘ताई’ म्हणतानाही तिच्या आवाजात हुकूम असे.

“ताई, ती गोल पानं द्या ना. बाप्पाच्या मागे प्रभावळ म्हणून काय दिसतील!”

“नाही देणार.”

“सगळी नकोत हो. दोन-चार.”

“एकही नाही. आणि त्याच्या शेंड्याला तर हातही लावायचा नाही. पामाला एकच शेंडा असतो, तो गेला की झाड संपलं.”

“म्हणजे बाप्पाला नाही म्हणताय?”

“बाप्पाला नाही. तुम्हाला म्हणतेय.”

तिने ओठ मुडपले. “एवढा तोरा? पानांचा?”

दुसऱ्या दिवशी कामावरून परतले तेव्हा सगळी गोल पाने जागच्या जागी होती. मधोमध भाल्यासारखे उभे असलेले मिटलेले नवे पान मात्र नव्हते. तिथे खोलवर तिरपा काप होता. ओला, पांढरा, शहाळ्याच्या मलईसारखा. त्याला गोडसर वास येत होता.

ती सोसायटीच्या हॉलमध्ये स्टुलावर उभी राहून तारा वळत होती. मूर्तीमागे ते पान जबरदस्तीने उलगडून बांधले होते. फिकट, निऱ्या फाटलेले, वेळेआधी उघडलेले.

“अहो, मोठं एकही पान तोडलं नाही मी!” मला पाहताच ती म्हणाली. “मधली कोवळी सुरळी तेवढी घेतली. माझ्या माहेरी केळीची बाग आहे, मला ठाऊक नाही का? केळ कापली की मधून परत वर येते. टेन्शन कशाला घेता?”

“ती केळ नाही. झाड मेलं ते.”

“मेलं? हिरवंगार आहे की!”

मखराला फुले बांधणाऱ्या बायका हसल्या. सेक्रेटरी काका म्हणाले, “ताई, सणासुदीला असं अभद्र बोलू नये.”

पामाचे मरण असेच फसवे असते. शेंडा गेल्यावरही जुनी पाने महिनोन्‌महिने हिरवी राहतात. विसर्जन झाले, ते पान निर्माल्यात गेले, दिवाळी आली. बाल्कनीतून हाका येत राहिल्या, “बघा ताई, काही झालं का त्याला?” मी पाणी घालत राहिले. शेंड्याच्या खळग्यात बोट घातले की काळा, कुजका चिखल लागे. मग सर्वांत खालचे पान तपकिरी झाले, त्याच्या वरचे झाले, आणि वरून येणाऱ्या हाका थांबल्या.

उन्हाळ्यात ती प्लास्टिकच्या कुंडीतला अरेका घेऊन आली. असे अरेका आमच्या सोसायटीतल्या प्रत्येक जिन्यात उभे आहेत.

“घ्या. हा पण पामच. मनात ठेवू नका.”

“जिन्यात ठेवा,” मी म्हणाले आणि दार लावले. कुंडी दारातच राहिली. कोणी पाणी घातले नाही, मीही नाही.

लिकुआला अजून तिच्या बाल्कनीखाली उभा आहे. वाऱ्यावर त्याची वाळकी पाने पत्र्यासारखी खडखडतात. त्या आवाजाने दुपारी डोळा लागत नाही, अशी तिची तक्रार आहे. परवा काका सांगायला आले, “ते मेलेलं झाड काढून टाका ना ताई, एकदाचं.”

“मेलेलं?” मी विचारले. “हे त्यांच्या तोंडून ऐकू द्या, मग काढते.”

ती अजून खाली आलेली नाही.