वाटून घेतलेल्या गोळ्या

तेरेतियाच्या घरात काही टिकत नसे. चोरीला जात नसे, मागून नेलं जाई. नवी चटई विणून झाली की कुणीतरी चुलतबहीण तिच्यावर ऐसपैस बसायची, हात फिरवत "किती सुरेख गं!" म्हणायची आणि जाताना गुंडाळून काखेत मारायची. पातेलं गेलं, कंदील गेला, अंड्यावरची कोंबडी गेली. नवऱ्याला तर होडीसकट समुद्रानेच ठेवून घेतलं. बिंगो खेळताना बेतिओ गावातल्या बायका तिला चिडवायच्या, "तेरेतियाकडे आता नुसतं नाव उरलंय, तेही कुणी मागितलं नाही म्हणून!" यावर सगळ्यांत मोठ्याने तीच हसायची. आणि तिचं हसणं म्हणजे काय विचारता! पलीकडच्या आळीतली कुत्री भुंकायला लागत.

आता यात तिचा काही मोठा त्याग होता असं समजू नका. रक्ताच्या माणसाने समोर बसून मागितलं की द्यायचं, ही पॅसिफिक महासागरातल्या तारावा बेटावरची रीत, बुबुती. का हवंय विचारायचं नाही, परत कधी देणार हेही विचारायचं नाही. नाही म्हणालात तर कुणी मारत नाही, भांडायलाही येत नाही. फक्त त्या दिवसापासून तुमचं नाव घेताना लोक आवाज खाली आणतात. असलं जिणं कुणाला हवंय? मागणारेही काही हावरट नसतात, उद्या त्यांच्याही दारात कुणीतरी येऊन बसतं. एवढ्याशा वाळूच्या पट्टीवर इतकी माणसं पिढ्यान्‌पिढ्या उपाशी न मरता राहिली ती याच्याच जिवावर. तेरेतियाची गोष्ट जरा वेगळी एवढ्यासाठी, की ती देत राहायची पण मागायची नाही. तिला मागायची लाज वाटे.

आयुष्यात तिला न मागता एकच मोठी गोष्ट मिळाली होती. मूल होईना म्हणून थोरल्या बहिणीने, आकेनेतेने, आपला मधला मुलगा तिच्या मांडीवर आणून ठेवला होता. उएआनताबो त्याचं नाव, पण सगळे ताबोच म्हणत. दात येण्याआधी आलेला तो पोरगा मिसरूड फुटेपर्यंत तिच्याकडेच वाढला. पुढे तो आपल्या आईकडे राहायला गेला खरा, पण भूक लागली की पावलं मावशीच्याच घराकडे वळायची.

केवड्याची पानं शिवून छपराच्या झापा करायच्या, यावर तेरेतियाचं पोट चाले. खोकला सुरू झाला तेव्हा तिने तो पानांच्या धुळीवर ढकलला. मग ताप आला, अंगावरचं मांस उतरलं, नेसलेलं कापड कमरेला थांबेना. क्षय निघाला. बेतिओत क्षय निघाला म्हणून कुणी रडत बसत नाही, गोळ्या घेतात आणि बरे होतात. तेरेतियाने इमानाने महिनोन्‌महिने गोळ्या घेतल्या. पण तिच्या छातीतला क्षय जुन्या औषधांना भीक घालेना. थुंकी विमानाने ऑस्ट्रेलियाला गेली, तिथून निरोप आला, आणि मग नव्या गोळ्या आल्या. संबंध बेटावर त्या मोजक्याच लोकांसाठी होत्या.

त्या घेऊन आली नर्स रोरेती. तेरेतियाच्या बरोबरीची, चर्चच्या गायनात तिच्याच रांगेत उभी राहणारी, अंगाने आडवी आणि तोंडाने फटकळ.

"नीट ऐक," सायकल माडाला टेकवत रोरेती म्हणाली. "छातीतल्या ज्या पेशी जंतूंना गिळायला धावतात ना, त्यांच्याच पोटात हे मेले घर करून बसलेत. आत मजेत चूल पेटवून जेवतायत. ही नवी गोळी त्यांची चूलच विझवते. पण ते लगेच मरत नाहीत. साठवणीवर दिवस काढतात, वाट बघतात. तू खाडे केलेस की पुन्हा फुंकर मारून पेटवतात. आणि एकदा का त्यांनी गोळीला ओळखलं, की मग ती चाटून खाल्लीस तरी उपयोग नाही."

"म्हणजे माझ्या छातीत स्वयंपाकघर चाललंय म्हण की! आणि मी इथे भाताला महाग."

"हस, हस. पण खाडे केलेस तर तुझ्या मयताला मी येणार नाही, सांगून ठेवते."

सुरुवातीला रोरेती रोज यायची, समोर गिळायला लावायची, वर तोंड उघडून जीभ उचलायला सांगायची. गोळ्यांनी मळमळे, तोंडाला धातूची चव येई, पायांना मुंग्या येत. पण भूक लागू लागली. थुंकीतले जंतू कमी झाले. तेरेतिया पुन्हा झापा शिवायला बसली आणि एके दिवशी पलीकडची कुत्री पुन्हा भुंकली. रोरेतीच्या माथी घरं भरपूर होती, आणि ही बाई काही चुकणारी नाही अशी तिची खात्री पटली होती. मग ती आठवड्याच्या गोळ्या एकदम देऊन जाऊ लागली.

अशाच एका रविवारी चर्चनंतर आकेनेते आली. खोबऱ्याच्या दुधात शिजवलेला मासा घेऊन आली. बसायझोपायच्या मचाणावर टेकली, इकडचं तिकडचं बोलली, मग गप्प झाली. ते गप्प बसणं तेरेतियाला चांगलं ठाऊक होतं. असं गप्प बसून कुणी आलं की घरातली एखादी वस्तू जाणार. काय बरं उरलंय आपल्याकडे, असं ती मनातल्या मनात चाचपू लागली.

"ताबोला खोकला आहे," आकेनेते म्हणाली.

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. संध्याकाळी अंग तापतं."

"अगं ताई, मग दवाखान्यात ने ना त्याला! मी सांगते रोरेतीला."

"दवाखान्यात नाव लागलं की कारभार आटोपला. ऑस्ट्रेलियात फळं तोडायला जाणाऱ्यांत त्याची निवड झालीय. छातीचा फोटो काढणार आहेत सगळ्यांचा. त्याआधी हा खोकला गेला पाहिजे. माझं सगळं घर त्याच्याकडे डोळे लावून बसलंय, तुला माहीत नाही का?" मग आकेनेतेने पाठ ताठ केली, हात मांडीवर ठेवले. "तेरेतिया, मी तुझ्या गोळ्या मागायला आलेय."

तेरेतियाने गोळ्यांची पुडी मांडीखाली सरकवली. चटई, कोंबडी, पातेलं देताना असं कधी झालं नव्हतं.

"ताई, त्या वाटायच्या नसतात. रोरेती म्हणते..."

"रोरेती तुझी बहीण आहे का?"

नाही म्हणायला जीभ उचलली गेली असती तर तेव्हाच. पण समोर तीच बसली होती, जिने आपलं तान्हं मूल हिच्या मांडीवर ठेवलं होतं. तेव्हा तिने का कू केलं होतं का? आणि मागणं तरी कुणासाठी होतं? ताबोसाठी. तेरेतियाला मरणाची भीती वाटली, आणि भीती वाटली याचीच जास्त शरम वाटली.

"अर्ध्या देते," ती म्हणाली. अर्ध्याच देते म्हणताना तिची मान खाली गेली.

मग एक दिवस तिचा, एक दिवस ताबोचा, असा पाळीचा हिशेब ठरला. ताबो सकाळी यायचा, मचाणावर पाय सोडून बसायचा.

"मावशी, आज वार कुणाचा?"

"तुझा रे, घोड्या. गिळ आणि पळ."

"शी! हे तू रोज खातेस? ऑस्ट्रेलियातनं तुला चॉकलेट पाठवीन पेटीभर."

"पेटीभर पाठव. तुझी आई अर्धी पेटी मागायला येईलच."

दोघं हसत. त्याचा खोकला कमी झाला, गालावर तकाकी आली. तिलाही बरंच वाटत होतं. खोटं कशाला बोला, ते दिवस तेरेतियाचे सुखाचे गेले. आपण एकाच्या औषधात दोन जीव तारतोय असं तिला वाटत होतं, आणि त्याचा तिला थोडा गर्वही झाला होता. रोरेतीने विचारलं की ती सरळ सांगायची, "घेते की रोज."

मग एका सकाळी झापा शिवताना ठसका लागला आणि हातातल्या पानावर रक्त पडलं.

रोरेती चक्रावली. पुन्हा थुंकी ऑस्ट्रेलियाला गेली. उत्तर आलं त्या दिवशी ती सायकल माडाला टेकवायलाही थांबली नाही, तशीच वाळूत टाकून आत आली.

"नवी गोळी तुला लागू पडत नाही आता. ओळखलंय त्यांनी तिला. कुणाला दिल्यास?"

तेरेतिया हातातल्या पानाची शीर सोलू लागली.

"बाई, मी तुला विचारतेय! गोळ्या कुणाला दिल्यास?"

मागणाऱ्याचं नाव तिसऱ्याला सांगणं ही आणखी मोठी नामुष्की. 

"नाही म्हणता आलं नाही तुला?"

"तुला आलं असतं?" तेरेतिया उसळून म्हणाली. "तुझी मोटरसायकल कुठाय गं?"

मोटरसायकल रोरेतीच्या दिराने मागून नेली होती. म्हणून तर ती एवढा देह सायकलवर घालून उन्हातान्हात फिरत होती. ती धपकन मचाणावर बसली.

"मोटरसायकल दिली म्हणून कुणी मरत नाही गं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "अजिबात दिल्या नसत्यास तर तू जगली असतीस. सगळ्याच्या सगळ्या दिल्या असत्यास तर कदाचित तो तरी वाचला असता. अर्ध्या अर्ध्या करून तू दोन्हीकडे आग धुमसत ठेवलीस, आणि त्यांना गोळी शिकवलीस. जो कोण आहे त्याच्याही छातीत आता हेच असणार. मला एवढंच सांग, त्याच्या शेजारी झोपतं कोण?"

तेरेतियाच्या डोळ्यांसमोर आकेनेतेचं घर आलं. एकाच मचाणावर ओळीने झोपलेली माणसं, कडेला ताबो, त्याला खेटून थोरल्या भावाची तान्ही पोर.  तरी नाव तिने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तोंडाला फडकं बांधून ती स्वतःच निघाली. वाटेत दोनदा बसली. आकेनेतेच्या अंगणात पोचली तेव्हा तिला नुसती धाप लागली होती. मचाणाच्या कडेवर ती टेकली आणि गप्प राहिली. आकेनेते मासे साफ करत होती. तिचा हात थांबला. जन्मात कधी न मागणारी बहीण आज दारात गप्प बसली होती.

"काय हवंय तुला?"

"ताई, मी ताबोला मागायला आलेय. दवाखान्यात नेते त्याला. आत्ता."

"वेड लागलंय का तुला? फोटो तोंडावर आलाय!"

"फोटोत दिसणारच आहे. त्या गोळ्या मेल्यात, ताई. माझ्यात मेल्या, त्याच्यातही मेल्या असणार. तुझी नात त्याच्याजवळ झोपते."

"तो बरा आहे! खोकतही नाही फारसा."

"मी मागतेय, ताई."

आकेनेतेने सुरी मातीत रोवली.  माशांवर माश्या बसल्या तरी तिने हाकलल्या नाहीत. "घेऊन जा," ती शेवटी म्हणाली आणि पाठ फिरवली.

ताबो दारातून ऐकत होता. "मावशी, मी काय चटई आहे का गं?" तो म्हणाला. पण त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, आणि शर्ट घालताना त्याला लागलेली ढास थांबता थांबेना.

दवाखान्याच्या समुद्राकडच्या ओसरीवर दोघांच्या खाटा शेजारी शेजारी पडल्या. ताबोच्या छातीतले जंतू तेच निघाले, शिकून तयार झालेले. फळं तोडायला जाणाऱ्यांचं विमान त्यांच्या डोक्यावरून उडालं तेव्हा ताबो भिंतीकडे तोंड करून पडला होता. रोरेतीने धडपड करून इतर औषधं मिळवली. त्यांनी कान वाजायचे, अन्न उलटायचं, आणि फरक काही पडत नव्हता. तेरेतिया तर म्हाताऱ्या हाडाची, पुरती पोखरलेली, तीच आधी जाणार असं सगळे धरून चालले होते. तिनेही तसंच धरलं होतं, देवाकडे मागितलंही होतं. पण पश्चिमेचे वारे सुटले तेव्हा ताबो गेला. चांगला उंचापुरा पोरगा, शेवटी त्याला उचलायला एक माणूस पुरला. तो आधी का गेला, हे रोरेतीलाही सांगता आलं नाही.

आकेनेतेच्या घरी त्याला चांगल्या चटयांवर ठेवलं होतं. लोक येत होते, स्तोत्रं म्हणत होते, रडत होते. तेरेतियाला रोरेती घेऊन आली, पण तोंड झाकून, आणि घरापासून लांब, विलायती फणसाच्या झाडाखाली तिने तिला बसवलं. आत लहान मुलं आहेत, म्हणाली. तेरेतियाला तिथून त्याचे फक्त पाय दिसत होते.

दुपारी आकेनेते बाहेर आली. केस मोकळे, डोळे सुजलेले. ती सरळ झाडापाशी आली आणि काही अंतरावर उभी राहिली.

"मी मागितल्या तेव्हा तू नाही का म्हणाली नाहीस?"

तेरेतियाच्या अंगात इतका संताप उसळला की बोलण्याआधी खोकलाच आला. तो थांबेपर्यंत आकेनेते उभी होती.

"तू मागायला आली होतीस, ताई. तुला नाही कसं म्हणू?"

"म्हणायचं होतंस!" आकेनेते किंचाळली. दारातली माणसं वळून बघू लागली. "शिव्या द्यायच्या होत्यास. हाकलून द्यायचं होतंस मला. जन्मभर तुझं तोंड पाहिलं नसतं मी, गावभर तुला कंजूष म्हणून सांगितलं असतं. मग झक मारत नेलं असतं ना मी त्याला दवाखान्यात! असता तो आज!"

 तेरेतियाचा सगळा राग कुठल्या कुठे गेला, कारण हे खरं होतं.

"हो, ताई," ती म्हणाली. "म्हणायला हवं होतं."

 आत पुढचं स्तोत्र सुरू झालं तशी आकेनेते डोळे पुसत घरात गेली. तेरेतिया झाडाखाली बसून राहिली. आत ये असं तिला कुणी म्हणालं नाही.