गाव कांदा लावतं तेव्हा

सगळं गाव जिकडे चाललंय तिकडे पाठ करून चालण्याचं काम माझ्या मामाइतकं निष्ठेनं कुणी केलं नसेल. लोणी काळभोरच्या पुढं त्याचं एक एकर. वडील गेल्यावर आई मला घेऊन त्याच्याकडे आली. तेवढ्या रानात सगळ्यांचं भागेना, म्हणून आई रोज दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायची. मामाला ते टोचायचं. ती परत येईपर्यंत तो जेवायचा नाही, आणि वर म्हणायचा, "भूकच नव्हती."

पेरणी जवळ आली की मामा गावभर विचारत हिंडायचा, "यंदा काय लावतोयस?" आणि कुणीच सांगितलं नसेल ते लावायचा. हे कळल्यावर लोक त्याला बेधडक थापा मारायला लागले. मग त्यानं बियाण्याच्या दुकानाच्या पायरीवरच मुक्काम ठोकला. कोण काय घेऊन उतरतोय, ते चहा पीत बघायचं. दुकानदार वैतागायचा, "अहो, तुम्ही काही घेणार आहात का?"

"घेणार की. तुझ्याकडं पडून राहील ते."

एका वर्षी आख्खं गाव कांद्यावर तुटून पडलं, आणि पडून राहिला शेपू. मामानं तोच घेतला. आई हबकली, "अरं, पुण्याची माणसं नाकं मुरडतात त्याला!"

"सगळी न्हाई मुरडत, ताई. आन् न्हाईच जमलं, तर पुढल्या हंगामाला मीबी येतो तुझ्यासंगं खुरपायला."

स्वतः मामा शेपूच्या वासालाही उभा राहत नसे. पण पेरला मात्र हुशारीनं: एकदम नाही, आठवड्याला दोन-दोन वाफे, म्हणजे कोवळा माल संपायलाच नको. शनिवार पेठेत कोपऱ्यावर बसून स्वतः विकला. एका बाईंनी विचारलं, "ताजा आहे का हो?"

"न्हाई, शिळाच हाय. शिळा मिळावा म्हणून तर पहाटं उपटला."

पेठेत असं उत्तर मिळालं की माल खरा, हे त्या ओळखून होत्या. दोन जुड्या घेतल्या, पुढल्या वेळी शेजारणीला घेऊन आल्या. गावात कांद्याचे ढीग उचलेना कुणी. आमचा शेपू शेवटच्या वाफ्यापर्यंत खपला. पुढं चुका, अंबाडी, चाकवत. आमच्या घराण्यातली पहिली पदवी या पालेभाज्यांवर उभी आहे, आणि ती माझी आहे. सांगताना मला लाज नाही, माज आहे.

आता सगळं गाव मामा काय लावतो ते बघून लावतं, त्यामुळं तो बिचारा गोंधळलाय. गुडघे दुखतात, पायरीवर बसवत नाही. मग मला फोन करतो, "तुमच्या पेठेत काय मिळत न्हाई गं हल्ली?" ऑफिस सुटल्यावर मी मंडईत जे नाही ते शोधत फिरते.

त्या शेपूच्या वर्षानंतर आई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला गेली नाही.