धोंडू तांब्यांचा नळ आणि त्याचे फोटो

मिरजोळ्याच्या कारखान्यात बत्तीस वर्षं वायरमन राहिलेला माणूस निवृत्त झाला की घरच्यांचं काही खरं नसतं. धोंडूभाऊ तांब्यांनी पहिल्या सहा महिन्यांत घरचा पंखा, मिक्सर आणि शेजारच्या यमुनाबाईंचा चालू असलेला टीव्ही दुरुस्त केला. टीव्ही त्यानंतर बंद पडला, पण तो विषय वेगळा.

आपला विषय नळाचा. तांब्यांच्या अंगणातला नळ खड्ड्यात आहे. वाडी उंचावर, पाण्याला जोर नाही, म्हणून जांभा दगड फोडून कमरेएवढा खड्डा खणला तेव्हा कुठे धार लागली. आत उतरायचं, कळशी लावायची, भरली की वर उचलून ठेवायची. पाणी असतं अर्धा तास. कधी येतं म्हणाल, तर ते पाण्यालाच ठाऊक! त्यामुळे घरी कुणीतरी एक कायम बसलेलं. अकरा वर्षं झाली, धोंडूभाऊ आणि त्यांची बायको जाईबाई कुठल्या कार्याला जोडीने गेले नव्हते. आणि ते 'कुणीतरी एक' म्हणजे दर वेळी जाईबाई, हे वेगळं सांगायला नको.

अशात जाईबाईंच्या बहिणीच्या मुलीचा, दीप्तीचा, साखरपुडा ठरला. संगमेश्वरला, रविवारी.

"या वेळी मी जाणार," जाईबाई म्हणाल्या. "अंगाखांद्यावर खेळवलीय मी तिला."

"अगो, पण पाणी?"

"तुम्ही बसा."

धोंडूभाऊंचं तोंड एवढंसं झालं. साखरपुड्याची पंगत त्यांनी आयुष्यात चुकवली नव्हती. तिथल्या तिथे त्यांनी शब्द देऊन टाकला, "दोघंही जाऊ. मी नळावर कॅमेरा बसवतो!"

मुलगा प्रज्ञेश मुंबईला नोकरीत. त्याच्या कॉलेजच्या प्रोजेक्टचा, पत्त्यांच्या कॅटाएवढा, बिनझाकणाचा कॉम्प्युटर माळ्यावर पडून होता. शेजारी एक यूएसबी कॅमेराही होता. धोंडूभाऊंनी तो कॉम्प्युटर टीव्हीला जोडला, कीबोर्ड लावला. झकास सुरू झाला. कॅमेऱ्याची पिन खुपसली की बंद! काढली की पुन्हा चालू. दोन दिवस हाच खेळ. त्यांनी मेमरी कार्ड बदललं, कीबोर्ड बदलला, कॅमेऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. बत्तीस वर्षं वायरमन राहिलेल्या माणसाने सगळ्यांवर संशय घेतला, फक्त करंटवर नाही. शेवटी प्रज्ञेश फोनवर भीतभीत म्हणाला, "बाबा, चार्जर मोबाईलचा लावलाय का? कमी पडतोय तो."

"मला तोच संशय होता," धोंडूभाऊ म्हणाले.

मोठा चार्जर आला. पहिला फोटो काळाकुट्ट. कॅमेऱ्यालाही म्हणे उठल्या उठल्या नीट दिसत नाही, पहिली वीस चित्रं सोडून एकविसावं घे असं कॉम्प्युटरला सांगावं लागतं. ते सांगितलं. मग फोटोत नळ आभाळाकडे तोंड करून! पडवीच्या वाशाला कॅमेरा उलटा बांधला होता.

शुक्रवारी मात्र जमलं. दर मिनिटाला नळाचा एक फोटो धोंडूभाऊंच्या मोबाईलवर. "हुशार हो तुम्ही!" जाईबाई म्हणाल्या. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, हे वाक्य पहिल्यांदाच कानांवर पडत होतं. धोंडूभाऊ रात्रभर हवेत.

रविवारी दोघं एसटीने संगमेश्वरला. नळ उघडाच ठेवलेला, नाहीतर पाणी आलेलं कॅमेऱ्याला दिसणार कसं! हॉलमध्ये धोंडूभाऊंनी भेटेल त्याला मोबाईल दाखवला. "हा माझा नळ. तो तिकडे, मी इकडे." लोक कोरडा नळ बघून माना डोलवत होते.

बारा वाजून चाळीस मिनिटांनी फोटोत पांढरी रेघ उमटली.

"पाणी आलंऽऽ!" धोंडूभाऊ एवढ्या जोरात ओरडले की समोर नवऱ्या मुलाच्या हातून अंगठीच पडली. चार बायका ती शोधायला खुर्च्यांखाली शिरल्या.

दीप्तीचे वडील, म्हणजे धोंडूभाऊंचे साडू सखाराम, धावत आले. त्यांनी फोटो बघितला. "वा! वा! आणि आता भरणार कोण?"

धोंडूभाऊंनी तोंड उघडलं. पुढचा फोटो आला. त्याच्या पुढचाही आला. खड्ड्यात पाणी साचू लागलं होतं आणि धोंडूभाऊंचं तोंड अजून उघडंच होतं. अरे देवा! तारा, चार्जर, वीस चित्रं, सगळ्याचा विचार केला, आणि कळशी राहिली. ते तसेच जाईबाईंकडे गेले. बाई पहिल्या रांगेत जरीची साडी नेसून, हातात जिलबीची बशी घेऊन बसल्या होत्या.

"अगो, पाणी आलंय! भरायला कोण नाय गो तिथं!"

"माहितीय."

"म्हणजे?"

"तुम्ही कॅमेरा बसवतो म्हणालात, तेव्हाच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर आज इथे कोण बसलं असतं?"

धोंडूभाऊ मोबाईल खिशात घालू लागले.

"आणा तो मोबाईल इकडे," जाईबाई म्हणाल्या. त्यांनी वाहणारा नळ डोळे भरून बघितला. "अकरा वर्षांत पाणी आलं नि मी उठले नाय, असं आज पहिल्यांदा होतंय." पुढच्या मिनिटाचा फोटो आला, तोही त्यांनी बसूनच बघितला.